ब्रॉयलरला शेवटच्या दोन आठवड्यांत काय घालावं, जवस की करडई?

भीमाकाठ (१९ जानेवारी)

मंडळी, नमस्कार. मंगळवेढा तालुक्यात माझं दीड हजार ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, शेड आहे. सहा वर्षं कंपनीच्या करारावर पक्षी वाढवले. पिल्लू त्यांचं, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. वीज, पाणी, पक्ष्यांखाली अंथरायचं तूस आणि रात्रीची जागरणं आपली. गेल्या वर्षी करार सोडला. आता पिल्लं स्वतः आणतो, खाद्य घरी दळतो आणि दर रविवारी सोलापुरात ऐंशी-नव्वद घरांना पक्षी साफ करून पोचवतो.

गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, ते मला बरं वाटतं. पण बोलणं एकच असतं: "बॉयलर कापसासारखं लागतं, चरबी फार निघते, गावरानची सर नाही." गावरानची सर बेचाळीस दिवसांच्या पक्ष्याला येणार नाही, हे मलाही कळतं. वयाचा आणि जातीचा फरक आहे तो. तरी आपल्या हातात खाद्य आहे, तर त्यातून मांस जेवढं चांगलं करता येईल तेवढं करावं, असं मनापासून वाटतं.

तेलबिया घातल्या तर मांसातली चरबी चांगल्या प्रतीची होते, असं ऐकलंय. घरी दोन एकर करडई उभी आहे, फुलं लागलीत. जवस विकत आणावं लागेल. कोणी प्रत्यक्ष करून बघितलंय का? किती घालायचं, कधीपासून, कच्चं की भाजून? नुसतं "घाला, चांगलं असतं" असं नको. कशामुळे काय होतं ते सांगा.

घाणेवाला

दादा, घरात करडई असताना जवसाच्या मागं कशाला लागता? माझा लाकडी घाणा आहे. करडईचं तेल काढून उरलेली पेंड गाई-म्हशींना जाते. मोठ्या कारखान्यात रसायनाने तेल ओढून घेतलेल्या पेंडेत एखादा टक्का तेल राहतं. आमच्या घाण्याच्या पेंडेत त्याच्या कितीतरी पट राहतं, हाताला चिकटतं. तीच पेंड पक्ष्यांना दिली तर तेलही जाईल, प्रथिनंही जातील. आणि करडई म्हणजे आपलं पीक. भीमा वाण सोलापूरच्याच केंद्रावर तयार झालं. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही म्हणून लोकांनी सोडलं, त्याचं वाईट वाटतं. कोंबडीच्या निमित्ताने चार एकर वाढली तर आनंदच आहे.

पशुवैद्य_मोहोळ

भीमाकाठ, प्रश्न नीट विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

गाय किंवा शेळी खाते त्या तेलाचं पोटातले जंतू रूप पालटतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या कप्प्यात पातळ तेलाची पुष्कळशी घट्ट चरबी होते. कोंबडीत हा प्रकार नाही. ती जसं तेल खाईल तशीच चरबी अंगावर चढवते, फार फेरफार करत नाही. म्हणून खाद्यातून मांसाची चरबी बदलायची तर कोंबडीइतकं सोयीचं जनावर नाही. तुमच्या प्रश्नाची मुळी इथं आहे.

आता करडई घेऊ. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ प्रकारची चरबी. तुमचं रोजचं मका-सोयाचं खाद्य आधीच ओमेगा-६ ने भरलेलं आहे. त्यात करडई घातली म्हणजे भरलेल्या हौदात आणखी एक घागर. नुकसान नाही, पण नवीन काही मिळालं असंही नाही.

जवसाची गोष्ट वेगळी. दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३, आपल्या जेवणात कमी पडणारी चांगली चरबी. आपल्याकडच्या नेहमीच्या तेलबियांत इतकं दुसऱ्या कशात नाही. तिळात नाही, कारळ्यात नाही, सूर्यफुलात नाही, शेंगदाण्यात तर नाहीच. हिशोब करून बघा: शंभर किलो खाद्यात पाच किलो जवस घातलं तर दोन किलो तेल गेलं आणि त्यात किलोभराच्या वर ओमेगा-३. म्हणजे किलोभर खाद्याला दहा ग्रॅम. शेवटच्या चौदा दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर खाद्य खातो. तेवढ्या दिवसांतही मांसातला फरक मोजता येण्याइतका होतो, पहिल्या दिवसापासून घालायची गरज नाही.

पण जवस सरळ स्वभावाचं धान्य नाही. त्याच्या साली­वर चिकट पदार्थ असतो, पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं तो. पक्ष्याच्या आतड्यात हेच होतं. आतला रस घट्ट होतो, अन्न नीट पचत नाही, विष्ठा पातळ होते. शिवाय जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात आणि ब-६ जीवनसत्त्वाच्या आड येणारं एक द्रव्यही असतं. लहान पिल्लांना हे झेपत नाही.

कडक_भाकरी

डॉक्टर म्हणत्यात ते अगदी खरं हाय. मी केलंय, आणि भोगलंय. दोन वर्षांमागं चाळीस पक्षी बाजूला काढून त्यांला कच्चं जवस भरडून दिलं, खाद्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं, आठव्या दिसापासनं. कुणीतरी सांगितलं म्हणून. बारा-तेरा दिसांत तूस चिखलासारखं झालं. पायात वाळकं शेण अडकल्यावानी गोळे. चोचीला पीठ चिकटायचं, पक्षी पाणी पिऊन पिऊन चोच धुवायचे, भांडं घाण. रोज सकाळी तूस हलवायचं आन् चुना टाकायचा. शेवटी वजन बी कमी भरलं. पाच-सहा पक्ष्यांच्या छातीवर फोड आले, ते तर कुणाला विकावं असं वाटंना. घरीच खाल्ले, पण आमच्या म्हातारीनं इचारलं, "ह्याला माशाचा वास का येतोय?"

तवापासनं जवसाचं नाव घेतलं न्हाई. तुमचं हे वाचून वाटतंय, चूक जवसाची नव्हती, माझ्या पद्धतीची होती.

पशुवैद्य_मोहोळ

कडक_भाकरी, तुमच्या अनुभवात सगळी साखळी आली. पातळ विष्ठा, त्यामुळे ओलं तूस, ओल्या तुसातून अमोनिया, पाय आणि छातीची कातडी भाजल्यासारखी, म्हणजे मांसाचा दर्जा सुधारायला निघालो आणि तोच बिघडला. माशासारखा वास येण्याचं कारणही तेच तेल आहे. ओमेगा-३ फार नाजूक असतं, हवेशी लवकर लागतं आणि खवट होतं. पक्ष्याच्या अंगातही तेच, कापल्यावर मांसातही तेच.

माझं सांगणं असं:

प्रमाण पाच टक्क्यांवर थांबवा. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की वाढ मार खाते आणि वासाचा धोका वाढतो.

अठ्ठावीस दिवसांच्या आत जवस नको. स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, संपून फिनिशर, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं खाद्य, चालू झालं की मग.

भाजून घ्या. फुटाण्याच्या भट्टीवर हलकं भाजलं, दाणा तडतडायला लागला की उतरवलं, तर सायनाइडचा त्रास बराच कमी होतो. करपवू नका, तेल तिथंच खराब होईल.

भाजल्यावर भरडा, आणि भरडलेलं फार दिवस ठेवू नका. अख्खा दाणा सालीच्या आत तेल सांभाळतो. दळलं की संरक्षण गेलं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलेलं पोतं आठवड्यात वास मारेल.

आणि ई जीवनसत्त्व. ज्याला नाजूक तेल खाऊ घालायचं त्याला ते तेल सांभाळणारंही दिलं पाहिजे. किलो खाद्यामागे दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम. यावर पैसे वाचवू नका, अशी विनंती आहे. सगळ्या खटाटोपात मांसाची चव आणि टिकणं याच्यावर अवलंबून आहे. ब-६ चंही प्रमाण थोडं वाढवून घ्या, प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायचं जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण, देणाऱ्याला सांगितलं की तो करतो.

भीमाकाठ

डॉक्टर, लाख मोलाचं सांगितलंत. दोन शंका. जवस घातलं की खाद्यातली कोणती वस्तू कमी करायची? आणि "चरबी फार निघते" या तक्रारीवर याचा उपयोग होईल का? तेल घातलं तर चरबी वाढायला नको का?

पशुवैद्य_मोहोळ

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. खाद्यात तेल वाढलं की ऊर्जा वाढते. पक्षी ऊर्जेचं पोट भरलं की खाणं थांबवतो. मग त्याच्या पोटात प्रथिनं कमी जातात, आणि ऊर्जा जास्त, प्रथिनं कमी असं झालं की चरबी चढते. म्हणून नुसतं वरून पाच किलो ओतायचं नाही. मका चार किलोभर कमी करा, वरून तेल घालत असाल तर ते बंद करा, सोयाबीन पेंड शक्यतो हलवू नका. जवसात प्रथिनं विसेक टक्के असली तरी लायसिन कमी आहे, ते वरून द्यावं लागेल.

पोटातल्या चरबीबद्दल: जनावरांची घट्ट चरबी खाऊ घातलेल्या पक्ष्यांपेक्षा बियांचं तेल खाल्लेल्यांच्या पोटात चरबी कमी साठते. पण ती मऊ असते. कापताना हाताला तेलकट लागेल, थंडीतही घट्ट गोठणार नाही. गिऱ्हाईकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल पक्षी जुना आहे.

घाणेवाला

म्हणजे मी जे करडईबद्दल म्हटलं त्यात हेही आलं की! करडईचं तेल पण बियांचंच. पोटातली चरबी त्यानेही कमी होईल. आणि उन्हाळ्याचं काय? इथं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, पक्षी चोच उघडून धापा टाकतात. तेल पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते असं मी वाचलंय, मग तेलबियांचा फायदा करडईतूनही मिळायला हवा. मी माझा माल खपवायला बोलत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

पशुवैद्य_मोहोळ

तुमचं दोन्ही बरोबर आहे. उन्हाळ्यात पिष्टाऐवजी तेलातून ऊर्जा दिली तर पक्ष्याला उकाडा कमी जाणवतो आणि तेवढ्यासाठी करडईचं तेलही चालेल. मी अडतोय तो पेंडेवर. करडईच्या दाण्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसतं टरफल असतं. न सोललेल्या करडईच्या पेंडेत तंतू इतका की गाय त्याचं सोनं करेल, ब्रॉयलर नाही. त्याला ते पोटात भरताड होतं. सोललेल्या दाण्याची पेंड असेल तर थोडी चालवता येईल, पण तुमच्या घाण्यावर कोणी सोलून आणत नाही, बरोबर ना?

घाणेवाला

नाही आणत. पटलं.

सात_रस्ता

मी सोलापुरातच राहते, आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि आमच्या घरी दर रविवारी चिकन होतं. हा धागा वाचून राहवलं नाही.

भीमाकाठ दादा, ओमेगा-३ बसतं कुठं ते लक्षात घ्या. ते चरबीबरोबर जातं. छातीच्या मांसात चरबी फारच थोडी, त्यामुळे तिथं बदल असला तरी ताटात येताना किरकोळ. मांडी, तंगडी आणि कातडी यांत खरा फरक. आता आपल्याकडे काय होतं? कातडी आपण खाटकाकडेच सोडतो. उरलेल्या मांडीतली चरबी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात उतरते आणि वर तर्री होऊन तरंगते. "तेल नको" म्हणत पळीने तर्री बाजूला काढणाऱ्या घरांत हा सगळा जवसाचा खर्च त्या वाटीत राहतो. म्हणून गिऱ्हाईकाला हेही सांगा की या पक्ष्याला वरून तेल निम्मं घाला आणि त्याचीच तर्री खा.

दुसरं, जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नाही. कोंबडी जवसातल्याचं थोडंसंच माशातल्यासारखं करू शकते. थोडं करते, ते खरं, पण "मासे खायची गरज नाही" असं कुणाला सांगू नका.

तिसरं, पिशवीवर "ओमेगा-३ चिकन" छापायचा विचार असेल तर थांबा. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत, पोषणाचा दावा करायचा तर ठरलेलं प्रमाण मांसात भरलं पाहिजे. एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय ते शब्द नकोत. "शेवटचे दोन आठवडे भाजलेलं जवस खाल्लेला पक्षी" असं लिहा. खरं आहे तेवढंच, आणि माझ्यासारख्या बाईला तेवढंच पुरे आहे.

कडक_भाकरी

ताई, तर्रीचं बरोबर बोलला. आमच्यात तर्रीवरच भाकरी चुरत्यात.

एक सांगायचं राहिलं. जे भाऊ करारावर हायत त्यांनी हे करू नये. खाद्यात काय मिसळलं आन् पक्षी मेले किंवा वजन घटलं तर सगळं आपल्या अंगावर येतं, ग्रोइंग चार्ज, म्हंजे पक्षी वाढवायची मजुरी, कापला जातो. मी आता करारावरच हाय, म्हणून हात बांधलेले. भीमाकाठ भाऊंनी करून बघावं, आम्ही बघतो.

शेंगाचटणी

मधेच विचारते. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असतेच, तर मक्याऐवजी ज्वारी चालेल का? मका महाग झाला की आमच्याकडे हाच विचार येतो. आणि शेंगदाण्याची पेंड?

पशुवैद्य_मोहोळ

ज्वारी चालते. मालदांडीत पचनाच्या आड येणारा तुरट कस, म्हणजे टॅनिन, जवळपास नसतो, त्यामुळे मक्याच्या काही भागाऐवजी बिनधास्त. मात्र मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही, त्यामुळे कातडी आणि चरबी पांढरट दिसते. मांसाच्या पोषणात त्याने बिघडत नाही, पण सोलापूरच्या गिऱ्हाईकाला पिवळा पक्षी ताजा वाटतो. अर्धा मका ठेवा.

शेंगदाणा पेंडेबाबत मी फार कडक आहे. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तिच्यात सगळ्यात आधी होतं. ओल लागलेल्या शेंगांची पेंड दिसायला छान असते. तपासणीचा कागद असेल तरच घ्या. तेलबियांतून दर्जा सुधारायचा असेल आणि जवस परवडत नसेल तर भाजलेलं अख्खं सोयाबीन हा चांगला रस्ता आहे. बार्शी भागात भरपूर पिकतं, तेल अठरा-वीस टक्के, त्यात थोडं ओमेगा-३ सुद्धा. कच्चं मात्र कधीही नको, प्रथिनं पचू न देणारं द्रव्य त्यात असतं, ते उष्णतेनेच मरतं.

भीमाकाठ

ठरलं. पुढच्या बॅचमध्ये दोनशे पक्षी जाळीने वेगळे करतो, बाकीच्यांना नेहमीचं खाद्य. पाच टक्के भाजलेलं जवस, एकोणतिसाव्या दिवसापासून. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राच्या एलएसएल-९३ वाणाचं जवस ओळखीतल्या शेतकऱ्याकडे आहे, ते घेतो. करडई घाण्यावर देतो आणि तेल घरात खातो. घाणेवाले, फेब्रुवारीअखेर येतो तुमच्याकडे.

भीमाकाठ (१७ एप्रिल)

मंडळी, उशीर झाला, पण दोन बॅचेस पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

पहिल्या बॅचला सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. तूस पहिले तीन-चार दिवस जरा दमट वाटलं, घाबरलो. शेंगांच्या टरफलांचा एक थर वर टाकला आणि निपल ड्रिंकरची, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या नळ्यांची, उंची वाढवली, नंतर आटोक्यात आलं. वजनात दोन्ही गटांत मला तराजूवर सांगण्यासारखा फरक दिसला नाही. चरबी खरंच मऊ, बोटाला तेल लागतं.

गिऱ्हाईकांना न सांगता निम्म्या घरी जवसाचा, निम्म्या घरी साधा पक्षी दिला आणि सोमवारी फोन केले. छातीच्या तुकड्यांत कुणालाही फरक कळला नाही. मांडी मात्र "रसरशीत लागली" असं बऱ्याच घरांनी आपणहून सांगितलं. सात_रस्ता ताई, तुमचं म्हणणं तंतोतंत. एका आजोबांनी तर रस्सा प्यायला मागून घेतला, असं त्यांच्या सुनेने सांगितलं.

दुसऱ्या बॅचला माझ्याकडून चूक झाली. मार्चअखेरीस भट्टीवाला गावाला जाणार होता, म्हणून दोन्ही आठवड्यांचं जवस एकदम भाजून एकदम भरडून ठेवलं. दहाव्या दिवशी पोतं उघडलं आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. अर्धं पोतं उकिरड्यात टाकलं. पक्ष्यांना शेवटचे चार दिवस साधं खाद्य दिलं. खवट जवस खाऊ घालून लोकांच्या घरात पाठवायचं मनच झालं नाही. ऐंशी घरांनी माझ्या शब्दावर पक्षी घेतलाय, कंपनीच्या नावावर नाही.

आणखी एक तक्रार आली. एका घरी रविवारचं चिकन फ्रिजमध्ये ठेवून मंगळवारी गरम केलं, तर वास आला म्हणाले. साध्या पक्ष्याला असं कधी ऐकलं नव्हतं. ई जीवनसत्त्व मी दीडशेच घातलं होतं.

पशुवैद्य_मोहोळ

पोतं टाकलंत, फार बरं केलंत. शिजवलेलं मांस पुन्हा तापवलं की चरबी हवेशी लागून वास येतो, कोणत्याही मांसात येतो, जवसाच्या पक्ष्यात लवकर. ई जीवनसत्त्व दोनशेवर न्या आणि जवस सुरू करायच्या आधी आठवडाभर द्यायला लागा, म्हणजे ते मांसात आधी जाऊन बसेल. पक्षी कापल्यावर थंड करायला वेळ लावू नका. मे महिन्यात तर सकाळी सहाच्या आत कापा, बर्फातूनच न्या.

सात_रस्ता

आणि घरोघरी सांगा, त्याच दिवशी संपवा. उरलं तर झाकून गार करा आणि दुसऱ्या दिवशी संपवा, मंगळवारपर्यंत नको.

कडक_भाकरी

भाऊ, माझा करार जूनमधी संपतोय. पावसाळ्यात दोनशे पक्षी स्वतःचे करून बघावं म्हणतोय. तुमचा भट्टीवाला कुठला? थोडं थोडं भाजून देतो का? बारीक काम म्हणून नाही म्हणत न्हाई ना?

भीमाकाठ

मंगळवेढ्यातच आहे. पाच किलोसुद्धा भाजून देतो, फक्त सकाळी फुटाण्याच्या आधी नेलं पाहिजे, भट्टी जास्त तापली की दाणा करपतो. मी आता दर चौथ्या दिवशी जातो. पुढच्या शुक्रवारी या, बरोबर जाऊ. किती भाजायचं ते एकदा डोळ्याने बघितलं आणि नाकाने ओळखलं की मग चुकत नाही.